तेर्योला पाठवा

आमच्या बागोंग तुबिग बरांगायात, म्हणजे वस्तीच्या पंचायतीत, गोंगाटाची तक्रार कशी मिटवतात, हे शिकायला कुठल्या कॉलेजात जावं लागत नाही. तक्रारदार डोळे चोळत, चपला फटफटवत बरांगायच्या कचेरीत येतो. सेक्रेटरी नोएमी त्याला प्लास्टिकची खुर्ची देते, पंखा त्याच्याकडे वळवते आणि सगळं ऐकून घेते. शेजाऱ्याकडे बारसं आहे, गाण्याचं मशीन भाड्याने आणलंय, एकच मेहुणा एकच गाणं पुन्हा पुन्हा रेकतोय. नोएमी चुकचुकते, मान डोलावते, पण लिहीत काही नाही. लिहिलं की प्रकरण झालं. प्रकरण झालं की दोघांना समोरासमोर बसवायचं, बरांगायच्या प्रमुखाने, म्हणजे कप्तानने, मध्ये बसायचं, आणि अर्ध्या तासाने कळायचं की याची बायको त्याच्या पोराची धर्ममाता आहे. म्हणजे एका गोंगाटापायी दोन घरं कायमची तोंडं फिरवणार. त्यापेक्षा नोएमी खिडकीतून हाक मारते, "तेर्योला पाठवा रे!"

तेर्यो म्हणजे एलेउतेर्यो माकाराइग. साठी ओलांडलेली, पोट जरा सुटलेलं, अर्धं आयुष्य जीपनी ही प्रवासी गाडी चालवण्यात गेलेलं. आता तो बरांगायचा गस्तवाला. गळ्यात शिट्टी, हातात काठी, पाठीवर बरांगायचं नाव छापलेलं जाकीट आणि मानधन इतकं तुटपुंजं की देताना देणाऱ्यालाच लाज वाटावी. काठी त्याने जन्मात कुणावर उगारली नाही. त्याला गरजच नव्हती. त्याच्याकडे गळा होता.

त्याची रीत ठरलेली. गोंगाटाच्या घरी जायचं आणि गोंगाटाचं नाव काढायचं नाही. "अरे वा, बारसं का? बाळ बापावर गेलंय, देव त्याचं भलं करो!" असं म्हणत आत शिरायचं. सगळ्यांत फिरणारा तो एकच जिनचा ग्लास पुढे आला की ओठ लावून परत द्यायचा. मग कुणीतरी माईक पुढे करणारच. आमच्याकडे समोर धरलेला माईक नाकारणं म्हणजे भरल्या ताटावरून उठून जाणं. तेर्यो तो घ्यायचा आणि न बघता मशीनवर नंबर दाबायचा. गाणं जुनं. तळ्यावरचा नावाडी पहाटेच्या अंधारात किनाऱ्यावर झोपलेल्या आपल्या माणसाला हाक मारतो, उठ, उजाडलं. तेर्यो ते असं म्हणायचा की रेकणारा मेहुणाही भिंतीला टेकून मुकाट बसायचा. गाणं संपलं की मशीन तुतारी वाजवायचं आणि पडद्यावर गुण यायचे. अठ्ठ्याण्णव. त्यानंतर माईकला हात लावायची कुणाची छाती होणार? "फार छान झाली पार्टी," तेर्यो म्हणायचा, "आता उजाडलंच म्हणायचं." आणि यजमान आपणहून वायर काढायचा, जणू त्याच्याच मनात आलं होतं. तक्रारदार झोपायचा, कुणाचं नाक कापलं जायचं नाही.

या रीतीमुळे आमची कप्तान ओफेलिया दर वर्षी नगरपालिकेतून मानपत्राची एक चौकट घेऊन यायची. गोंगाटाची एकही तक्रार नसलेलं बरांगाय, असं तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं. ती चौकट नोएमीच्या डोक्यावर टांगलेली असे. भाषणं कप्तान करायची, टाळ्या कप्तान घ्यायची. तेर्योला त्याचं काही नव्हतं. त्याला त्याचे अठ्ठ्याण्णव पुरत. "इतरांना सत्तर पडतात, ऐंशी पडतात," तो म्हणायचा. "माणूस तोंडदेखलं बोलतो. मशीन कुणाची भीड ठेवत नाही."

घरी मात्र त्याचं ऐकायला फारसं कुणी उरलं नव्हतं. बायको देलिया कर्करोगाने गेली. थोरला मुलगा जहाजावर, धाकटा सौदीत. दोघंही बापाला "दोनच वर्षं, ताय" म्हणून गेले ते आता रविवारी फोनच्या काचेत दिसतात. राहिली एक रोवेलिन. तिला शहरातल्या कॉल सेंटरमध्ये नोकरी लागली तेव्हा तेर्योने सगळ्या गल्लीला भाताची गोड वडी वाटली. आपल्याकडे रात्र असते तेव्हा समुद्रापलीकडे दिवस असतो, आणि तिथल्या लोकांची हरवलेली पार्सलं रोवेलिन शोधून देते. ते लोक तिला शिव्या घालतात आणि ती त्यांना इंग्रजीत 'धन्यवाद' म्हणते. तेर्योला याचा कोण अभिमान!

सकाळी लोक कामाला निघत तेव्हा पोरगी घरी येई. लसणाचा भात आणि सुकी मासळी हेच तिचं रात्रीचं जेवण. मग खिडकीला घोंगडी लावून ती झोपे, ती थेट चारपर्यंत. तेर्यो त्या झोपेवर पहारा करी. त्याने कोंबडा मेव्हण्याला देऊन टाकला, आणि मेव्हण्याचं घरही फार जवळ आहे हे कळल्यावर त्या कोंबड्याचा रस्सा करवला. भांड्यांच्या झाकणांखाली फडकी घातली. आईस्क्रीमवाला गल्लीत शिरला की तेर्यो धावत जाऊन त्याची घंटी मुठीत धरी आणि गल्ली संपेपर्यंत तशीच धरून त्याच्याबरोबर चाले. मोबदल्यात रोज एक कोन विकत घ्यावा लागे. गस्तीचं जाकीट घालून, भर उन्हात आईस्क्रीम चाटत जाणारा तेर्यो बघून बायका तोंडाला पदर लावावा तशी बाही लावून हसत.

आणि मग सेलाने मशीन घेतलं.

सेला शेजारीण. दोन घरांत एक भिंत, तीही छातीपर्यंतची. रोवेलिनच्या बाप्तिस्म्याला पोरीला पाण्यावर धरलं ते सेलाने, म्हणजे ती रोवेलिनची निनांग, धर्ममाता. तेव्हापासून तेर्यो आणि ती एकमेकांना कुम्पारे-कुमारे म्हणतात, आणि आमच्याकडे ते नातं रक्तापेक्षा नाजूक. रक्ताच्या भावाशी भांडता येतं, कुमारेशी नाही. देलियाच्या शेवटच्या महिन्यात इस्पितळात उशाशी बसली ती सेला. ती गेल्यावर नवव्या दिवसाच्या प्रार्थनेपर्यंत या घराची चूल पेटवली ती सेलाने. आता नवरा गेल्यावर हाताला काही काम हवं म्हणून तिने मशीन घेतलं आणि अंगणातल्या पत्र्याखाली मांडलं. पाच पेसोचं नाणं टाका, एक गाणं म्हणा. पाद्रीबाबांनी येऊन मशीनवर पवित्र पाणी शिंपडलं आणि पहिलं गाणं कुणी म्हणावं यावर चर्चासुद्धा झाली नाही. तेर्योने म्हटलं. अठ्ठ्याण्णव पडले. सेला आनंदाने रडली.

मासळीबाजारवाल्यांचं काम दुपारपर्यंत उरकतं. रिक्षावाल्यांना उन्हात गिऱ्हाईक नसतं. सगळे सेलाच्या पत्र्याखाली. अकराला सुरू झालेलं मशीन संध्याकाळपर्यंत थांबत नसे. रात्र पडली की मात्र सेला नेमाने वायर काढी. "नियम म्हणजे नियम," ती म्हणे. "माझ्यामुळे कुणाची झोपमोड झालेली मला नाही चालायची." सगळी गल्ली तिचं कौतुक करी.

रोवेलिन पहिले काही दिवस काही बोलली नाही. डोळे सुजले, भात ताटात राहू लागला. मग एका सकाळी आली ती बॅगसुद्धा न ठेवता पायरीवर बसली.

"ताय, काल मी फोनवर असतानाच झोपले. पलीकडची बाई हॅलो हॅलो करत होती म्हणे. सुपरवायझरने लेखी समज दिलीय."

"निनांगला सांगतो मी."

"काय सांगणार तुम्ही निनांगला?" ती हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "ऑफिसजवळ मुलींनी मिळून खोली घेतलीय. एक खाट रिकामी आहे. महिनाअखेरीपर्यंत सांगायचंय मला."

"मग घे की," तेर्यो म्हणाला. "सोयीचं पडेल." आणि मोरीत जाऊन उगाचच बादली घासत बसला. दोनच वर्षं, ताय. दूरच्या खाटेवर झोपायला गेलेली माणसं परत येत नाहीत, हे त्याला दोनदा शिकवून झालं होतं. ही गेली की चारला उठून "ताय, कॉफी" म्हणणारं कुणी उरणार नव्हतं. त्याला भीती वाटली. बायको गेल्यावर वाटली होती तशीच.

त्याच दुपारी तो त्याला येत असलेल्या एकमेव रीतीने कामाला लागला. दोनच्या सुमाराला भिंत ओलांडून गेला. तक्रारीचं नाव काढलं नाही. माईक पुढे आला, घेतला. नावाड्याचं गाणं म्हटलं, जीव ओतून, संपवून टाकण्यासाठी.

पण रात्रीच्या पेंगुळलेल्या माणसांवर चालणारी मात्रा दुपारच्या माणसांवर चालत नाही. पहाटेचं गाणं भर उन्हात म्हटल्यावर घरी जायचं कुणी? मासळीवाल्यांनी टाळ्या पिटल्या, एकाने पळत जाऊन बर्फाच्या कारखान्यातल्या पोरांना बोलावून आणलं. "कुया तेर्यो गातोय रे!" कुया म्हणजे दादा; सगळं बरांगाय त्याला तसंच म्हणतं. दुसऱ्या दिवशी दोनला भिंतीवरून माईकच आला, सेलाच्या हातात, नव्या नवरीसारखा रुमालात गुंडाळलेला. "कुम्पारे, तुझ्यासाठी थांबलेत सगळे." तेर्यो गेला. आज गाणं झालं की सांगू, असं मनाशी ठरवून गेला. गाणं झाल्यावर सेलाने त्याच्या हातात शेवयांची ताटली ठेवली आणि म्हणाली, "देलिया असती तर कित्ती खूश झाली असती." आता यावर माणसाने काय सांगावं? उद्या सांगू, असं म्हणून तो घरी आला. आठवड्यात सगळ्या बरांगायाला ठाऊक झालं की दुपारी दोनला तेर्यो गातो. तळ्यापलीकडून बाया होडीने येऊ लागल्या.

आणि खोटं कशाला बोला, त्याला ते आवडतही होतं. रात्री तो लोकांना गप्प करायला गायचा. दुपारी लोक त्याला ऐकायला यायचे. गाऊन भिंत ओलांडताना तो रोज स्वतःवर चरफडायचा आणि रोज गुणांचा आकडाही मनात घोळवायचा.

शेवटी एका सकाळी तो कचेरीत गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा तक्रारदाराच्या खुर्चीत बसला. नोएमीने सवयीने पंखा त्याच्याकडे वळवला.

"काय कुया, कुणाची तक्रार आलीय?"

"माझी."

"तुमच्याबद्दल? कोण आगाऊ आहे तो?"

"माझ्याबद्दल नाही गं. माझी. सेलाच्या मशीनची."

नोएमी इतकी हसली की आतून कप्तान ओफेलिया बाहेर आली, दातात काडी धरून. तिने ऐकून घेतलं. तेर्योने पोरीच्या नोकरीचं सांगितलं, लेखी समजेचं सांगितलं. खाटेचं मात्र सांगायचं राहिलं.

"कुया तेर्यो," कप्तान म्हणाली, "नियम आहे रात्री दहानंतरचा. दिवसा झोपतं कोण?"

"माझी मुलगी."

"अहो, ते झालं तिचं. सगळ्या बरांगायाने काय दुपारी रात्र करायची? आणि सेला तर सूर्य मावळला की बंद करते. तिच्यासारखं वागा म्हणून मी इतरांना सांगते." तिने नोएमीच्या डोक्यावरच्या चौकटीकडे बोट केलं. "नगरपालिकेचे लोक या महिन्यात तपासायला येणार. आमच्याच गस्तवाल्याने आमच्याकडे तक्रार लिहिली, हे वाचतील ते? आपलेच दात, आपलेच ओठ."

"लिहू नका. पण कुणालातरी पाठवा."

"पाठवते की. आत्ता पाठवते." कप्तान नोएमीकडे वळली, नोएमी सवयीने खिडकीकडे वळली आणि तोंड उघडून तशीच थांबली. तेर्यो तर समोरच बसला होता.

"तुम्हीच जा," कप्तान जरा मऊपणे म्हणाली. "गोडीत सांगा. तुमच्याइतकं गोड इथे कुणाला जमतं?"

तेर्यो घरी आला. दोन वाजत आले होते. भिंतीवर माईक ठेवलेला होता.

त्यानंतर जे झालं ते त्याला शेवटी कळलं. त्याला एवढंच सांगण्यात आलं की शनिवारी सकाळी समोरासमोर बैठक आहे, खुर्च्या मांड आणि दाराशी उभा राहा. नोएमी त्याच्याशी नजर भिडवीना. तिच्याकडून त्याने काढून घेतलं ते इतकंच, की रोवेलिन कामावरून परस्पर कचेरीत आली होती, गळ्यात ऑफिसचा बिल्ला तसाच. नोएमीने पंखा वळवला, चुकचुकली. रोवेलिन पार्सलवाल्यांशी बोलते त्या आवाजात म्हणाली, "तुमची अडचण मला समजते, ताई. तरी ही तक्रार लिहून घ्यावी अशी माझी विनंती आहे." नोएमीने विषय बदलला. रोवेलिनने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तिला शिव्या घालणारेही तिच्यापुढे थकतात, नोएमी काय टिकणार? तक्रारीच्या कोऱ्या अर्जांचा गठ्ठा खालून काढावा लागला. त्याला वाळवी लागली होती.

मशीन तिचं म्हणून सेलालाही बोलावलं होतं; शनिवारी ती आली ती शेवयांचं मोठं पातेलं घेऊन. ठेवताना झाकण जोरात आपटलं. "पाण्यावर धरलं मी हिला!" ती रडत, कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली. "थंड पाण्याने रडली तर माझ्या अंगावरची शाल काढून गुंडाळलं. मला येऊन सांगायचं होतं. मी काय वाघ आहे?" दाराशी काठी धरून उभ्या असलेल्या तेर्योला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. आता एवढ्या वर्षांचं नातं गेलं, आणि पोरगीही जाणारच होती.

कप्तानने दार लावायला सांगितलं. बैठकीतलं बैठकीत राहतं, बाहेर बोलायचं नाही, असा नियम आहे. मग तिने चष्मा लावून कागद वाचला. "तक्रारदार, रोवेलिन माकाराइग. कुणाविरुद्ध..." ती थांबली. कागद खिडकीकडे धरून पुन्हा वाचला. "पोरी, तू चुकीच्या ठिकाणी नाव लिहिलंयस. इथे बापाचं नाव लिहायचं नसतं."

"बरोबर लिहिलंय," रोवेलिन म्हणाली. "तक्रार तायविरुद्ध आहे."

सेलाचं रडं अर्ध्यातच थांबलं.

रोवेलिन आता ऑफिसच्या आवाजात बोलत नव्हती. ती टेबलाच्या कडेशी बोलत होती. "निनांगच्या मशीनची मला सवय झालीय. कानात बोळे घातले की ती सगळी माणसं मिळून एकच घुंईऽ होते, पावसासारखी. त्यात झोप लागते मला. पण दोन वाजता ताय गातात. मी लहान असताना आई बाजारात जायची अंधारात. मला शाळेसाठी ताय उठवायचे. हेच गाणं म्हणून. रोज. कधी हाक मारली नाही, कधी हलवलं नाही. पहिल्या ओळीला मी उठून बसायचे." तिने नाक पुसलं. "अजून बसते. बोळे घातले, उशी डोक्यावर घेतली, तरी झोपेत उठून बसते, आणि दप्तर शोधते. मग पुन्हा नाही झोप लागत. काय करू मी?"

तेर्योला आधी काही वाटलंच नाही. मग एकदम सगळं वाटलं. तो हे गाणं म्हणायला रोज तिच्या झोपेसाठी भिंत ओलांडत होता, आणि रोज स्वतःच तिच्या खिडकीशी उभा राहून तिला उठवत होता. आईस्क्रीमवाल्याची घंटी मुठीत धरणारा माणूस. इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती. आणि त्या लाजेच्या तळाशी, सांगू नये पण सांगतो, थोडा आनंदही होता, की जगात एक माणूस असं आहे जे त्याच्या पहिल्या ओळीला उठून बसतं.

"हात्तिच्या!" कप्तान म्हणाली. तिला हायसं वाटलं होतं, ते लपत नव्हतं. "मग सोपं आहे. कुया तेर्यो दिवसा गाणार नाहीत. चालेल?"

"चालेल," तेर्यो म्हणाला.

"सेला?"

"माझ्या लेकराची झोप!" म्हणत सेलाने रोवेलिनला मिठीत घेतलं, आणि आपली काहीच चूक निघाली नाही याचा आनंद त्या मिठीत होताच.

"मग घरचंच आहे. हा कागद कशाला हवा?" कप्तानने हात पुढे केला. रोवेलिनने बापाकडे बघितलं, बाप जमिनीकडे बघत होता. तिने मान हलवली. कप्तानने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. चौकट शाबूत राहिली.

दार उघडलं, शेवया वाढल्या. समेट झाला की खायचं, आणि खाऊन झालं की एक गाणं, ही आमची जुनी पद्धत. बाहेर जमलेल्या मासळीवाल्यांना आत काय झालं ते ठाऊक नव्हतं, आणि सांगायची बंदी होती. "कुया, होऊन जाऊ दे एक!" कचेरीचा माईक हातोहात पुढे आला. तेर्योने रोवेलिनकडे पाहिलं. काय सांगणार? माझ्या पोरीने माझ्यावर तक्रार केली म्हणून? चारचौघांत तिला उघडी पाडू? त्याने गळ्याला हात लावला.

"घसा बसलाय," तो पुटपुटला.

एवढंच तो बोलला. पण आमच्याकडे असं काही बोलावं आणि ते तिथेच राहावं, हे व्हायचं नाही.

घरी जाताना रोवेलिन म्हणाली, "खाट नको म्हणून कळवते मी." तेर्योने नुसती मान हलवली. त्या एका वाक्यासाठी तो जन्मभर घसा बसवून घ्यायला तयार होता. आणि तसंच करावं लागणार होतं, कारण तेर्योचा गळा गेल्याची बातमी संध्याकाळपर्यंत तळ्यापलीकडे पोचली. आल्याचे काढे येऊ लागले. अंग चोळणारी म्हातारी आली आणि तिने त्याची मान अशी पिळली की तो खरोखरच ओरडला. "आवाज फुटतोय!" बाया म्हणाल्या. लोक भर दुपारी फाटकाशी येऊन विचारपूस करत आणि तेर्यो ओठांवर बोट ठेवून उभा राही. बिचाऱ्याला बोलायचीही मनाई आहे, असं लोक समजत.

रात्रीचं तर आणखीच अवघड. रात्री रोवेलिन घरी नसे, रात्री त्याने आकाश फाडलं असतं तरी कुणाची हरकत नव्हती. पण रात्री गळा असलेल्या माणसाचा गळा दुपारी कसा नसेल? नोएमी हाक मारी, तेर्यो जाई, माईक पुढे येई, तो गळ्याला हात लावी. मग करायचं काय? त्याला तोंडाने सांगावं लागे, "जरा बंद करा, लोकांना त्रास होतो." जे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. "तेर्योला आता जाकिटाचा माज आलाय," लोक म्हणू लागले. मशीन बंद होईनात. तक्रारी लिहिल्या जाऊ लागल्या. नगरपालिकेचे लोक आले, गेले, आणि नोएमीच्या डोक्यावरची चौकट तिथून निघाली. कप्तान त्याच्याशी आता कामापुरतं बोलते.

तेर्यो हे सगळं मुकाट्याने सोसत राहिला. सांगणार कुणाला? चारला आतून "ताय, कॉफी" अशी हाक आली की त्याचा हिशोब जुळे.

मग एका दुपारी दोन वाजता भिंतीशी सेला आली. हातात माईक, पुन्हा रुमालात गुंडाळलेला. रोवेलिनला वचन दिलंय हे तिला ठाऊक होतं, पण तिचं म्हणणं निराळं होतं.

"कुम्पारे, मला खरं सांग. पोरीसाठी गात नाहीस की खरंच गेलाय गळा?"

तेर्योने तिच्या मागे पाहिलं. भिंतीपलीकडे मासळीवाले उभे होते, कान टवकारून.

"गेलाय," तो म्हणाला.

सेलाचे डोळे भरले. "वापरला नाही तर गंजेल रे तो. हळू म्हण. अगदी हळू. पोरीला ऐकू नाही जाणार. एक ओळ येते का बघू. देलियाची शपथ आहे तुला." आणि तिने नंबर दाबला सुद्धा.

संगीत सुरू झालं. मासळीवाल्यांनी टोप्या काढल्या. तेर्योच्या हातात माईक होता, पाठीमागे चार पावलांवर घोंगडी लावलेली खिडकी होती. टाकता येईना, गाता येईना. त्याने माईक तोंडाशी नेला, डोळे मिटले आणि ओठ हलवले. शब्द न् शब्द. नावाडी, तळं, अंधार, उठ. घशातून आवाज म्हणून येऊ दिला नाही. शिरा फुगल्या, घाम आला. गाणं संपेपर्यंत तो तसाच ओठ हलवत उभा होता आणि पत्र्याखालची सगळी माणसं खाली माना घालून ते नुसतं संगीत ऐकत होती. कुणीतरी हुंदका दिला.

मग मशीनने तुतारी वाजवली आणि पडद्यावर आकडा आला. अठ्ठ्याण्णव.

एक सूरही न लावता पडलेल्या त्या आकड्याकडे तेर्यो बघतच राहिला.

"बघ!" सेला डोळे पुसत म्हणाली. "बघ कुम्पारे, अजून तेवढेच गुण पडतात तुला! मी म्हटलं नव्हतं? उद्याही ये हं. रोज आला की आपोआप सुटेल."

तेर्योने माईक रुमालात गुंडाळून भिंतीवरून परत दिला. "येतो," तो म्हणाला. खिडकीतून रोवेलिनच्या घोरण्याचा आवाज येत होता.